ट्रेलरच्या चाकाचे बेअरिंग : दर्जा आणि भरवसा पारखायचा कसा?

कादवाखोरे

नमस्कार. मी निफाड तालुक्यातील शेतकरी आहे. माझ्याकडे चार चाकांची ट्रॉली असून ती कांद्याच्या दिवसांत लासलगाव आणि विंचूरच्या बाजाराला जाते, हंगामात ऊस वाहते आणि उरलेल्या वेळी शेणखत व मुरूम ओढते. या ट्रॉलीच्या डाव्या मागच्या चाकाचे आतले बेअरिंग गेल्या चौदा महिन्यांत तीनदा गेले. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, आतल्या बाजूला ३२२१० आणि बाहेरच्या बाजूला ३२२०७ क्रमांकाचे टेपर (शंकूच्या आकाराच्या रोलरचे) बेअरिंग आहे. पहिल्यांदा मी दुकानात मिळेल ते स्वस्त बेअरिंग घातले, दुसऱ्यांदा मध्यम किमतीचे घातले आणि तिसऱ्यांदा नामांकित कंपनीच्या खोक्यातले, जवळजवळ दुप्पट किमतीचे घेतले. ते तिसरे तर पाच महिनेही टिकले नाही. विंचूरच्या अलीकडे भरल्या ट्रॉलीचे चाक डोलू लागले, हबमधून ग्रीस वितळून रिमवर आले आणि सगळा कांदा रस्त्याच्या कडेला दुसऱ्या ट्रॉलीत भरावा लागला.

माझा प्रश्न सरळ आहे. दुकानाच्या काउंटरवर उभे राहून चांगले बेअरिंग आणि वाईट बेअरिंग यांतला फरक माझ्यासारख्याला कसा कळावा? दुकानदार बोटावर फिरवून दाखवतात आणि "बघा, किती मऊ फिरते" असे म्हणतात, पण तिन्ही बेअरिंगे तशीच मऊ फिरत होती. कोणती कंपनी घ्यावी, खोटा माल कसा ओळखावा आणि किती किलोमीटर चालले म्हणजे ते चांगले म्हणायचे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

लेथवर्क_अंबड

कादवाखोरे दादा, कंपनीचे नाव सांगण्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो, कारण तुमच्या लेखनातच अर्धे उत्तर दडलेले आहे. चार चाकांत मिळून आठ बेअरिंगे आहेत. माल खराब होता म्हणावे, तर तीन वेगवेगळ्या किमतींना आणलेला माल एकाच चाकात, आणि तोही आतल्याच बाजूला, का गेला? उरलेल्या तीन चाकांतील बेअरिंगे कधी बदलली होती?

अंबडला माझे लहानसे वर्कशॉप आहे आणि गेली बावीस वर्षे ट्रॉलीचे हब व स्टब ॲक्सल (हब ज्यावर फिरते तो आखूड दांडा) माझ्याकडे दुरुस्तीला येतात. खराब बेअरिंगमुळे बिघडलेले हब मी पाहिले आहेत, पण बिघडलेल्या हबमुळे वाया गेलेली चांगली बेअरिंगे त्याहून कितीतरी जास्त पाहिली आहेत. म्हणून नवे घेण्याआधी जुने बेअरिंग फेकू नका. ते रॉकेलने धुऊन फडक्याने पुसा आणि दिवसाच्या उजेडात नीट पाहा. कोनवर, म्हणजे ॲक्सलवर बसणाऱ्या आतल्या कड्यावर (रेसवर), झिजेचा चकचकीत पट्टा कुठे आहे, कपमध्ये, म्हणजे हबमध्ये बसणाऱ्या बाहेरच्या कड्यात, तो गोलभर सारख्या रुंदीचा आहे की एका ठिकाणी वरच्या काठाला आणि समोरच्या ठिकाणी खालच्या काठाला सरकलेला आहे, रोलरचा रंग पिवळसर किंवा निळसर झाला आहे का, रोलरच्या जाड टोकावर ओरखडे आहेत का आणि कपच्या बाहेरच्या अंगावर फिरल्याच्या खुणा आहेत का, एवढे इथे लिहा. शक्य असल्यास फोटोही टाका.

द्राक्षमळा

मी दिंडोरीकडचा आहे. माझ्या फवारणीच्या ब्लोअरला तीन वर्षांपासून अगदी स्वस्तातली बेअरिंगे आहेत आणि अजून काहीही तक्रार नाही. त्यामुळे महाग माल घ्यायलाच हवा असे मला वाटत नाही.

सातपूर_टूलरूम

द्राक्षमळा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो कादवाखोरे यांच्या ट्रॉलीला लागू होत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बेअरिंगचे आयुष्य भाराच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. रोलर बेअरिंगसाठी हिशोबात भाराचा घात दहा तृतीयांश धरतात. भार दुप्पट झाला की आयुष्य सुमारे एक दशांश उरते आणि भार दीडपट झाला तरी ते पावपटीच्या आसपास येते. तुमचा ब्लोअर बागेच्या ओळींतून माणसाच्या चालीने फिरतो आणि टाकीतले पाणी फवारणीबरोबर कमी होत जाते. तेवढ्या भाराला साधे बेअरिंगही वर्षानुवर्षे पुरते.

आता ट्रॉलीचा हिशोब पाहू. समजा ट्रॉलीचे स्वतःचे वजन दोन टन आहे आणि ती पाच टन मालासाठी बांधलेली आहे. उसाच्या दिवसांत तीत आठ टन भरले, तर एकूण वजन सातवरून दहा टनांवर जाते. दिसायला ही वाढ अर्ध्याहूनही कमी आहे, पण त्या घाताने काढले तर बेअरिंगचे आयुष्य एक तृतीयांशाच्याही खाली येते. तुम्ही किलोमीटरचा आकडा विचारला आहे, त्यासाठी ७.५०-१६ मापाचे टायर धरा. त्याचा घेर साधारण अडीच मीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे चारशे फेरे आणि अडीच हजार किलोमीटरला दहा लाख फेरे होतात. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बेअरिंगची जी गतिक भारक्षमता छापलेली असते, तिचा अर्थ असा असतो की तेवढ्या भाराखाली दहा लाख फेरे झाले तरी शंभरातली नव्वद बेअरिंगे शाबूत राहावीत. याचा अर्थ उरलेली दहा त्याआधीच जाऊ शकतात आणि त्यात कंपनीची फसवणूक नसते. एक बेअरिंग लवकर गेले म्हणून कंपनी वाईट ठरत नाही आणि एक खूप टिकले म्हणून ती चांगली ठरत नाही. मात्र एकाच जागी तीन गेली, तर दोष त्या जागेत शोधावा, या लेथवर्क यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

कादवाखोरे

लेथवर्क साहेब, सातपूर साहेब, आपण इतके मनापासून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. उरलेल्या तिन्ही चाकांची बेअरिंगे ट्रॉली घेतल्यापासूनची, म्हणजे चार वर्षांची आहेत. हे मी कधी या बाजूने पाहिलेच नव्हते.

जुने बेअरिंग आज धुतले. कपमधला चकचकीत पट्टा सगळीकडे सारखा नाही. एका ठिकाणी तो रुंद तोंडाच्या काठाला चिकटलेला आहे आणि बरोबर समोरच्या बाजूला आतल्या काठाला गेलेला आहे, तिथे पापुद्रा निघाल्यासारखे खड्डेही पडले आहेत. कपच्या बाहेरच्या अंगावर तांबूस करडा डाग असून त्यात आडवे ओरखडे आहेत. रोलरची जाड टोके निळसर झाली आहेत. कोनवरचा पट्टा खालच्या अर्ध्या भागातच आहे.

लेथवर्क_अंबड

दादा, तुमचे वर्णन इतके स्पष्ट आहे की फोटो नसला तरी चालेल.

ट्रेलरच्या चाकात स्टब ॲक्सल स्थिर असते आणि हब फिरते. म्हणून कोनवर झीज खालच्या बाजूलाच दिसणे स्वाभाविक आहे, कारण भार नेहमी तिथेच येतो. कप मात्र हबबरोबर फिरतो, त्याचा प्रत्येक भाग आळीपाळीने भाराखाली येतो आणि म्हणून त्यातला पट्टा गोलभर सारखा असायला हवा. तो एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली गेला असेल, तर कप हबमध्ये तिरका बसलेला आहे. बाहेरच्या अंगावरचा करडा डाग आणि आडवे ओरखडे सांगतात की कप त्याच्या घरात, म्हणजे हबच्या भोकात, घट्ट नव्हता, तो हळूहळू सरकत होता. फिरणाऱ्या हबमध्ये कप दाबून घट्ट बसलेला असावा आणि कोन ॲक्सलवर हाताने सरकेल इतपत सैल असावा, असा नियम आहे. तुमच्याकडे कपच्या बाबतीत तो मोडला आहे.

हे कसे झाले असावे, तेही अनुभवाने सांगतो. पहिले बेअरिंग गेले तेव्हा जुना कप काढण्यासाठी छिन्नी वापरली गेली असणार. छिन्नी घसरली की हबच्या आतल्या खांद्यावर, म्हणजे कप जिथे टेकतो त्या पायरीवर, टवका उठतो. नवा कप त्या टवक्यावर टेकतो आणि केसभर तिरका राहतो. त्यात एकाच बाजूने हातोडीचे घाव पडले की घराचे भोकही ओरबाडले जाते. पुढचे प्रत्येक बेअरिंग त्याच तिरक्या जागी बसते, आणि मग ते स्वस्तातले असो की दुप्पट किमतीचे, रोलरच्या पूर्ण लांबीऐवजी एका टोकावरच भार घेत राहते. तुमच्या महागड्या बेअरिंगचा दोष असलाच तर इतकाच की त्याला बसायला सरळ जागा मिळाली नाही.

हब खोला, खांदा बोटाने चाचपून पाहा आणि टवका लागला तर तो बारीक कानशीने पायरीच्या पातळीत आणा. कप बसवल्यावर तो आणि खांदा यांच्यामध्ये फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या पत्त्यांतले, सर्वांत पातळ पाते कुठेही शिरता कामा नये. घर सैल झाले असेल तर कृपया सेंटर पंचचे ठिपके मारून कप घट्ट करू नका. आपल्याकडे हे सर्रास केले जाते आणि ते पाहिले की मला फार वाईट वाटते. त्या ठिपक्यांची टोके थोड्याच दिवसांत दबतात, कप पुन्हा सैल होतो आणि तोपर्यंत तो सगळीकडून सारखा टेकलेलाही नसतो. लेथवर घर मोठे करून त्यात बुश (धातूची नळी) बसवावा आणि तो मापात कापून घ्यावा, किंवा सरळ नवा हब घ्यावा.

मोसमखोरे

जुना कप छिन्नी न लावता काढण्याची एक रीत सांगतो. कपच्या आतल्या अंगावर वेल्डिंगची एक ओळ गोल मारायची आणि थंड होऊ द्यायची. वेल्डिंग थंड होताना कप आकसतो आणि हलक्या ठोक्याने बाहेर येतो. खांद्याला धक्काही लागत नाही.

लेथवर्क_अंबड

अगदी बरोबर, मीही तसेच करतो. मात्र त्या वेळी हब ॲक्सलवरून काढून बाकावर ठेवलेला असावा आणि अर्थची क्लॅम्प हबलाच लावलेली असावी. बेअरिंग चढवलेले असताना ट्रॉलीवर कुठेही वेल्डिंग करताना क्लॅम्प दूरच्या भागाला लावली, तर विजेचा प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि रोलर जिथे रेसला टेकतो तिथे बारीक ठिणग्या उडून पृष्ठभाग जळतो. फळ्याचा आधार वेल्ड करायला आणलेली ट्रॉली पंधरा दिवसांनी चाकाचा आवाज घेऊन परत आल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

आडगाव_ट्रेलर

माझे ट्रेलर मुंबई-आग्रा महामार्गावर चालतात, त्यामुळे भार आणि वेग दोन्ही तुमच्यापेक्षा जास्त आहेत, पण बेअरिंगची जात तीच आहे. हबची दुरुस्ती झाल्यावर सर्वांत मोठी चूक नट कसताना होते, म्हणून त्याबद्दल लिहितो.

नट पूर्ण आवळून ठेवणे चूक आहे आणि "थोडा सैल बरा" म्हणून चाक डोलत ठेवणेही चूक आहे. चाक हाताने फिरवत नट कसावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करावा, नुसत्या बोटांनी पुन्हा टेकवावा आणि पिनचे भोक जुळत नसेल तर पुढे न कसता मागच्या जवळच्या खाचेत आणून पिन घालावी. चाकाला अक्षाच्या दिशेने अगदी किंचित, डायल गेजवर साधारण ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर इतका प्ले, म्हणजे मोकळेपणा, मिळायला हवा. गेज नसेल तर टायर वरून आणि खालून धरून हलवावे. खटका जेमतेम जाणवला पाहिजे, दिसता कामा नये. नव्या बेअरिंगमध्ये पहिल्या काही दिवसांच्या भाराने कप आणखी बसतो, म्हणून पहिल्या आठवड्यात हा प्ले पुन्हा तपासणे मी कधीही टाळत नाही.

वाटेत थांबल्यावर हबवर हात ठेवून पाहण्याची सवय लावा. एकट्या हबचे तापमान फारसे काही सांगत नाही. डाव्या आणि उजव्या हबची तुलना करावी आणि एकच जास्त तापला असेल तर तिथे थांबावे. माझ्या गाड्यांना ब्रेक असल्यामुळे कसारा घाट उतरल्यावर सगळेच हब तापतात आणि त्या वेळी ही परीक्षा फसवते, म्हणून मी ती सपाट रस्त्यावर वीसेक किलोमीटर गेल्यावर करतो. ज्या ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक नाहीत, तिथे मात्र आलेली उष्णता जवळजवळ सगळी बेअरिंगची किंवा घासणाऱ्या सीलची असते, त्यामुळे कादवाखोरे यांना हाताचा कौल अधिक खरा मिळेल.

कादवाखोरे

हबचे काम करून घेईन. पण मूळ प्रश्न अजून मनात आहे. जागा सरळ झाल्यावर त्यात घालायचे बेअरिंग तरी पारखून घ्यावे असे वाटते. तिसऱ्या वेळी आणलेला माल खरा होता की नुसते खोके खरे होते, याचीही मला शंका आहे.

सातपूर_टूलरूम

तुमची शंका रास्त आहे. टेपर बेअरिंगची पारख करायची तर ते कसे काम करते हे आधी डोळ्यांपुढे आणावे लागते. हेन्री टिमकेन हा अमेरिकेतील सेंट लुइसचा बग्गी बनवणारा कारागीर होता. त्याने १८९८ साली या बेअरिंगचे पेटंट मिळवले, ते भरलेल्या गाड्या वळताना चाकावर येणारा बाजूचा रेटा सहन व्हावा म्हणूनच. शंकूच्या आकाराचे रोलर वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही घेतात, पण त्याची एक किंमत असते. भाराखाली रोलर जाड टोकाकडे ढकलला जातो आणि त्याचे जाड टोक कोनच्या काठावर सतत घासत राहते. बाकी सगळीकडे रोलर गडगडतो, या एकाच ठिकाणी तो घासतो. म्हणून बेअरिंगचा खरा दर्जा या काठावर आणि रोलरच्या जाड टोकावर दिसतो, आणि दुकानात बोटावर फिरवताना नेमका तोच भाग बिनभाराचा असतो. तुमच्या रोलरची टोके निळी झाली, ती याच जागी झालेल्या उष्णतेने.

काउंटरवर काय पाहता येईल ते सांगतो. भिंग घेऊन रोलरचे जाड टोक पाहावे. चांगल्या मालात ते एकसारखे बारीक घासलेले असते, हलक्या मालात लेथच्या गोल रेघा किंवा खरबरीतपणा दिसतो. सगळे रोलर एका मापाचे हवेत, कारण मोठे दोनचार रोलरच भार उचलतात आणि बाकीचे नुसते फिरतात. हे डोळ्यांना दिसत नाही, पण कोन कपमध्ये दाबून सावकाश फिरवला तर हाताला ठरावीक जागी अडखळल्यासारखे लागते. नुसते फिरवून आवाज ऐकण्यात अर्थ नाही, कारण कंपनीने लावलेल्या गंजरोधक तेलामुळे खरखर झाकली जाते. दुकानदाराने जास्त तेल चोळून ठेवले असेल तर विशेष सावध राहावे.

पोलाद चांगले की वाईट हे दुकानात कळत नाही. बेअरिंगचे पोलाद, ज्याला आपण सातपूर-अंबडला ईएन ३१ म्हणतो, त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते आणि कडक केल्यावर ते कडकपणाच्या रॉकवेल सी मोजपट्टीवर साधारण ५८ ते ६४ भरते. कित्येक टेपर बेअरिंगे पृष्ठभाग कडक आणि गाभा चिवट ठेवलेल्या पोलादाचीही असतात आणि धक्के खाणाऱ्या चाकाला ती मानवतात. जुन्या कपवर नवी कानस हलकी घासून पाहा. कानस घसरायला हवी. ती धरत असेल तर पोलाद मऊ आहे, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

खोट्या मालाबद्दल सांगायचे तर खोके हा पुरावा मानू नये. छपाई आज कुणालाही करता येते. रिंगच्या कडेवरचा क्रमांक पाहावा. तो रेखीव आणि सारख्या खोलीचा हवा आणि कप व कोन दोन्हींवर हवा. अंगठ्याने घासून पुसला जाणारा किंवा जुना मजकूर घासून त्यावर नव्याने कोरलेला दिसला तर माल परत करावा. एसकेएफसारख्या काही कंपन्यांनी खरेपणा तपासण्यासाठी मोबाईल ॲप दिलेले आहे, त्यावर फोटो पाठवता येतात. टिमकेनचा जमशेदपूरला आणि एनबीसीचा जयपूरला कारखाना आहे, तरीही खोक्यावर परदेशाचे नाव दिसले म्हणून माल खोटा ठरत नाही. या कंपन्यांचे कारखाने अनेक देशांत असतात. अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेणे ही माझ्या मते सर्वांत भरवशाची तपासणी आहे. चालू भावाच्या निम्म्या किमतीत नामांकित माल मिळत असेल तर तो न घेतलेला बरा.

आणि व्हर्निअर जवळ ठेवावा. ३०२०७ आणि ३२२०७ या दोन्हींचे भोक ३५ आणि बाहेरचा व्यास ७२ मिलिमीटरच असतो, पण पहिल्याची रुंदी १८.२५ आणि दुसऱ्याची २४.२५ मिलिमीटर असते. माल नाही म्हणून ३०२०७ घालून सहा मिलिमीटरचा वॉशर लावलेला हब मी पाहिलेला आहे. तिथे रोलर आखूड असल्यामुळे बेअरिंगची ताकदच कमी होते आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो.

द्राक्षमळा

माझी तुलना चुकली होती हे मान्य आहे. ग्रीसबद्दल कुणी सांगेल का? मी धुण्याच्या प्रेशरने ब्लोअर धुतो, मग आतले ग्रीस दुधासारखे पांढरे दिसते.

आडगाव_ट्रेलर

पांढरे ग्रीस म्हणजे आत पाणी शिरले आहे. ते सगळे काढून, धुऊन, नवे भरावे लागेल, वरून पंपाने नवे दाबून उपयोग नाही. प्रेशरची धार सीलवर सरळ मारू नये, आणि तापलेला हब तर पाण्यात घालूच नये. हब थंड होताना आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. चांदोरी-सायखेड्याकडे नदीकाठची ट्रॉली पाण्यातून काढणाऱ्यांची बेअरिंगे याच कारणाने जातात. रोलर जिथे टेकून उभे असतात, तिथे रोलरच्याच अंतरावर गंजाच्या काळ्या रेघा उमटतात.

ग्रीस लिथियमचे असावे, बाजारात एपी-३ नावाने मिळते ते चालते. जुने कॅल्शियमचे चासी ग्रीस चाकाला घालू नये, ते लवकर पातळ होते. दोन जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळू नयेत. तळहातावर ग्रीस घेऊन कोनच्या रुंद बाजूने दाबत राहावे आणि अरुंद बाजूने बाहेर येईपर्यंत भरावे. हबची पोकळी मात्र निम्म्याहून जास्त भरू नये, नाहीतर ते घुसळून तापते आणि सीलमधून बाहेर पडते. सील दर वेळी नवे घालावे आणि ज्या जागेवर त्याचा ओठ फिरतो तिथे नखाला लागेल अशी खाच पडलेली नाही ना, ते पाहावे.

कादवाखोरे

आज हब अंबडला नेऊन काम करून घेतले, म्हणून कळवतो. लेथवर्क साहेबांनी लिहिले होते तसेच निघाले. खांद्यावर छिन्नीचा टवका होता, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या शेजारी कपखाली फीलर गेजचे ०.०५ मिलिमीटरचे पाते सहज शिरत होते. घराच्या भोकात जुन्या मिस्त्रीने मारलेले पंचाचे अकरा ठिपकेही मोजले. घर मोठे करून बुश बसवला. जुना कप बाहेरून घासून त्याचीच ठोकणी केली आणि तिने ३२२१० चा नवा कप सरळ बसवला आणि या वेळी पाते कुठेही शिरले नाही. आतले आणि बाहेरचे दोन्ही बेअरिंग कपसह नवे घेतले आणि पक्के बिल घेतले. जे बेअरिंग मी नकली समजत होतो, त्याच्या कपवर कानस घासून पाहिली, ती घसरली.

उजव्या मागच्या चाकाचे हबही आता खोलून पाहणार आहे. त्याची बेअरिंगे चार वर्षांची आहेत आणि त्यांनी उसाचे सगळे हंगाम काढले आहेत. ती चांगली दिसली तर धुऊन, नवे ग्रीस भरून तीच परत घालावीत की दोन्ही बाजू एकदम नव्या कराव्यात?

लेथवर्क_अंबड

धुतल्यावर कोन, कप आणि रोलरवर खड्डा, निळी छटा किंवा गंजाची रेघ नसेल, तर तीच परत घाला. मात्र प्रत्येक कोन त्याच्याच कपमध्ये गेला पाहिजे, म्हणून काढतानाच दोऱ्याने जोड्या बांधून ठेवा. धुतलेले बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवून वाळवू नका, फडक्यावर ठेवून वाळू द्या. सील मात्र नवे घाला आणि नट कसताना आडगाव यांनी सांगितलेली रीत समोर ठेवा.